उभे फोडणे सोपे, उभे कापणे अवघड!

कुऱ्हाडीने जळाऊ लाकूड फोडताना तुम्ही पाहिले असेल. ठोकळा उभा ठेवून माथ्यावर नेमका घाव घातला, की तो उभा दुभंगतो. तेच लाकूड आडवे तोडायचे तर घावावर घाव घालावे लागतात. तेव्हा लाकूड उभे कापणे सोपे आणि आडवे कापणे अवघड, असे कोणीही म्हणेल. आता कुऱ्हाडीच्या जागी करवत घ्या. सगळेच उलटे होते! ओंडका आडवा कापणे हे थोडक्या वेळाचे काम. पण त्याच्याच फळ्या पाडायच्या म्हटल्या, की घाम निघतो. असे का व्हावे?

हा प्रश्न रोजच्या कामात पडतो तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ऑरेगॉनसारख्या राज्यात. तेथे डग्लस फर या उंच सूचिपर्णी वृक्षाची मोठी जंगले आहेत. वाऱ्याने पडलेल्या झाडाच्या फळ्या तेथील काही लोक जागच्या जागी, स्वतःच पाडतात. हत्यार म्हणजे पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, आपण तिला साखळी-करवत म्हणू. तिच्या लांब पात्याला धातूची एक चौकट जोडतात. चौकट ओंडक्याच्या पाठीवरून सरकते आणि पाते तिच्याखाली ठरावीक अंतरावर लाकूड कापत जाते. ओंडकाच गिरणीत का नेत नाहीत? ३ मीटर लांब व ५० से.मी. व्यासाच्या ओल्या ओंडक्याचे वजन साडेतीनशे किलोग्रॅमच्या पुढे जाते. करवत आणि चौकट मात्र दोन माणसे सहज उचलून नेतात.

आता थोडे गणित करू. हा ओंडका आडवा कापला, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १९६० चौ. से.मी. भरते. मधोमध उभा कापला, तर ३०० × ५० म्हणजे १५,००० चौ. से.मी. जवळजवळ साडेसात पट! पण अडचणीचा हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा लाकडाच्या रचनेत आहे.

लाकूड म्हणजे सूक्ष्म तंतूंची जुडी. अंगण झाडायचा खराटा डोळ्यांसमोर आणा. त्याच्या काड्या एकमेकींपासून वेगळ्या करणे सोपे, पण काड्या तोडणे कठीण. कुऱ्हाड तंतू वेगळे करते. एकही तंतू न तोडता तिचे काम भागू शकते. करवतीला ही सवलत नाही. तिला स्वतःच्या जाडीएवढी वाट मोकळी करावी लागते आणि त्या वाटेतले सगळे लाकूड भुसा करून बाहेर टाकावे लागते.

साखळी दोन्ही वेळा तंतूंना आडवीच धावते. बदलते ती पाते पुढे सरकण्याची दिशा. आडव्या छेदात पाते तंतूंच्या बाजूने आत शिरते. वाटेत आलेला तंतू दोन कडांना, म्हणजे दोनच ठिकाणी तुटला की मधला तुकडा उचलला जातो. उभ्या छेदात पाते तंतूंच्या टोकांवर चालून येते. प्रत्येक दात टोकाकडून समजा अर्धा मि.मी. कापतो. मग ३ मीटर लांबीच्या वाटेतली तंतूंची एक ओळ किती ठिकाणी तुटेल? सहा हजार! इंजिनला दम लागतो तो यामुळे. हे इंजिन हवेने थंड होणारे असते, आणि एकेका फळीसाठी ते कित्येक मिनिटे पूर्ण भाराखाली चालते.

म्हणून दातही बदलावे लागतात. आडव्या कापाच्या साखळीत दाताच्या माथ्याची धार सुमारे ३० अंश तिरकी असते. फळ्या पाडण्यासाठी ती कानशीने घासून सुमारे १० अंशांवर आणतात. तंतू तोडण्याचे काम आता दाताच्या बाजूऐवजी माथ्याकडे आले ना! सुताराच्या हातकरवतींतही हाच भेद असतो: उभ्या कापाच्या करवतीचे दात पटाशीसारखे, आडव्या कापाच्या करवतीचे चाकूसारखे. संधी मिळाली तर अवश्य पाहा.

या साखळीची कथाही गमतीची आहे. १९४६ साली ऑरेगॉनमधील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी पाहिली. ती उभे लाकूड आणि आडवे लाकूड सारख्याच सहजतेने कुरतडत होती. तिच्या वाकड्या जबड्यांवरून त्याने साखळीचा नवा दात घडवला आणि १९४७ मध्ये कारखाना काढला. आजच्या साखळ्यांचे दात त्याच घराण्यातले आहेत.

एक दोष मात्र आहे. साखळीची वाट सुमारे ९ मि.मी. रुंद असते. २५ मि.मी. जाडीची फळी पाडली, की ३४ मि.मी. लाकूड खर्ची पडते. रुपयातले चार आणे भुशात! गिरणीतल्या पट्टा-करवतीची वाट २ मि.मी. धरली, तर हीच तूट साडेसात टक्क्यांवर येते. हा व्यवहार तोट्याचा वाटतो खरा. पण ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कोकणातल्या आमच्या मावशीच्या वाडीतला जुना फणस पडला. ओंडका रस्त्यापर्यंत नेणे जमेना, म्हणून तुकडे करून तो जळणात घातला. फणसाच्या लाकडाची दारे होतात, दक्षिणेत मृदंग होतात. तेथे चार आणे नव्हे, सोळाच्या सोळा आणे गेले. (आपल्याकडे झाड तोडण्यावर कायद्याची बंधने आहेत आणि लाकूड कापण्याच्या गिरणीला परवाना लागतो, हेही लक्षात ठेवा. शिवाय हे यंत्र कानठळ्या बसवणारे आणि क्षणात पाय कापणारे आहे. विद्यार्थ्यांनी ते हाताळायचे नाही.)

गोल ओंडक्यावर पहिला छेद सपाट कसा येतो? त्यासाठी वर एक सरळ शिडी किंवा फळी ठोकून चौकट तिच्यावरून सरकवतात. दुसऱ्या छेदापासून चौकट आधीच्या छेदाच्या पृष्ठावरूनच चालते. साहजिकच शिडीला बाक असेल, तर तो पुढच्या प्रत्येक फळीत उतरतो.

फळ्या पडल्या तरी दिशेचा प्रश्न संपत नाही. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत लांबीत जेमतेम आक्रसते. पण डग्लस फर गाभ्याकडून सालीच्या दिशेने सुमारे ४.८ टक्के आणि वार्षिक वलयांच्या कडेने सुमारे ७.६ टक्के आक्रसतो. या विषमतेमुळे फळी पन्हळीसारखी वाकते. सागात दोन्ही आकडे बरेच लहान असतात. सुतारांना साग आवडतो त्याचे हे एक कारण. पाणीही तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेपेक्षा दहा-पंधरा पट वेगाने बाहेर पडते, म्हणून फळीची टोके आधी सुकून तडकतात. त्यावर उपाय म्हणून टोकांना रंग फासतात, फळ्यांच्या थरांमध्ये पट्ट्या घालून हवा खेळती ठेवतात आणि वर वजन ठेवतात. २५ मि.मी. जाडीची फळी अशी सावलीत सुकायला ठोकळमानाने एक वर्ष धरतात.