जुन्या गाडीचं आयडलिंग चढलंय? आधी स्क्रूला हात लावू नका

गरम झालेलं पेट्रोल इंजिन साधारण ८००-९०० आरपीएमवर शांत चालायला हवं. झेन, एस्टीमसारख्या जुन्या एमपीएफआय गाड्यांत ते सिग्नलला १५०० वर गेलं की अनेक मेकॅनिक आधी स्क्रू पिळतात. आजार बहुधा भलतीकडेच असतो.

सुरुवात फुकटातल्या गोष्टींपासून करा. अ‍ॅक्सिलरेटर केबलला किंचित ढील आहे ना? मग इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरमधलं कूलंट बघा. पातळी उतरली की तापमानाच्या सेन्सरला इंजिन थंडच वाटू शकतं आणि आयडल चढलेलंच राहतं. हे कुणी तपासतच नाही!

पण माझा पहिला संशय व्हॅक्यूम होजवर. रबर कडक होऊन तडकतं, थ्रॉटलला चकवून हवा आत शिरते. कधी बारीक ‘सूं’ आवाजही येतो. इंजिन चालू ठेवून एकेक होज पकडीने हलके दाबा. आरपीएम उतरलं की गळती त्याच होजच्या वाटेवर. ब्रेक बूस्टरची जाड नळीही बघा.

उरली थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्हवरची काजळी. ती क्लीनरने निघते, फक्त इंजिन थंड होऊ द्या. तापलेल्या एक्झॉस्टवर तो स्प्रे पेट घेतो.