शहाळ्याची मलई फेकू नका!

शहाळेवाल्या दादांना तुम्ही काय सांगता? ‘पाणीवालं द्या.’ पाणी संपलं की शहाळं टोपलीत! या उन्हाळ्यात एकदा ‘मलईवालं द्या’ म्हणून बघा.

आपल्या बुलढाण्यात नारळ म्हणजे पूजेचा. फिलिपिन्समध्ये मात्र तो रोजच्या जेवणातला. तिथे कोवळ्या नारळाला म्हणतात ‘बुको’ आणि ख्रिसमस, नववर्षाला घरोघरी बनतं गारेगार ‘बुको सॅलड’.

दोन शहाळ्यांची मलई चमच्याने काढून लांब पट्ट्या कापा. आंबा, चिकू, द्राक्षं, जे मिळेल ते एक मोठी वाटीभर चिरा. अर्धी वाटी साय, अर्धी वाटी कंडेन्स्ड मिल्क घालून हलकं ढवळा. चार तास फ्रीजमध्ये ठेवा. शिजवून धुतलेला साबुदाणा घातला तरी मस्त लागतो. उपासाचाच असतो असं थोडंच आहे!

एक सांभाळा. कच्चा अननस घालू नका. त्यातलं ब्रोमेलेन दुधातली प्रथिनं तोडतं आणि सगळं कडू होतं. फोडी पाच मिनिटं उकळून गार करा, मग बिनधास्त घाला. लाइटीचा भरवसा नसेल तर बेताचंच करा, त्याच दिवशी संपवा.

महाराष्ट्रातली कितीतरी मुलं एमबीबीएससाठी दावाओला आहेत. तुमची ताई किंवा मित्र तिथे असेल तर संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल लावा. तिकडे साडेनऊ झालेले असतात. वाटी दाखवा. घरची आठवण काढत बसलेल्याला तेवढंच बरं वाटेल.