दात घासायचे कधी?

राखुंडी, कोळशाची पूड, कडुलिंबाची काडी, लाल दंतमंजन आणि मग ट्यूबमधली पेस्ट. गेल्या शंभर वर्षांत मराठी घरातलं दात घासायचं साधन इतक्या वेळा बदललं, पण वेळ बदलली नाही. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी. तोंड धुतल्याशिवाय काही खायचं नाही हा शुचितेचा नियम आपण निष्ठेनं पाळला. याच काळात दात का किडतात याबद्दल जे कळत गेलं, त्याचा संबंध मात्र साधनापेक्षा वेळेशी जास्त होता. नेमका तोच भाग आपल्या सवयींत उतरला नाही, असं माझं मत आहे.

बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्यानं १८९०मध्ये मांडलं की तोंडातले जंतू साखर आणि पिष्ट आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी हे आम्ल मोजलं. साखरेच्या पाण्यानं चूळ भरल्यावर काही मिनिटांतच दातावरच्या थराचा सामू साडेपाचच्या खाली घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात दाताची खनिजं निघून जातात, नंतर लाळ ती हळूहळू परत भरते. दिवसातून किती वेळा ही झीज सुरू होते, यावर सगळं ठरतं. स्वीडनमधल्या लुंड इथल्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४५नंतर झालेल्या प्रयोगानं ते दाखवून दिलं. जेवणासोबत साखर खाणाऱ्यांच्या दातांत कीड फारशी वाढली नाही, जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफ्या खाणाऱ्यांच्या दातांत मात्र ती झपाट्यानं वाढली. हा प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या रहिवाशांवर, त्यांच्या संमतीशिवाय झाला होता. त्यातून मिळालेलं ज्ञान वापरताना तो अन्याय विसरता कामा नये.

महाराष्ट्रात याच सुमारास, १९५०-५१च्या हंगामात, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढच्या काही दशकांत साखर गावोगावच्या रोजच्या चहात पोचली. चहात बुडवलेलं बिस्किट पाहा. त्याचा मऊ लगदा दाढांच्या खाचांत बसतो, जीभ तिथवर पोचत नाही. सामू सावरतो न सावरतो तोच अकराचा चहा, मधल्या सुट्टीतली गोळी, चारची खारी. लाळेला भरपाई करायला सवडच मिळत नाही. रात्री तर झोपेत लाळच कमी सुटते. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे पुढचे दात सहसा सगळ्यात आधी किडतात, ते यामुळेच. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांचे दात किडलेले आढळले.

यावर हमखास म्हटलं जातं की आजी-आजोबांनी कोळशानं दात घासले, तरी म्हातारपणी ते ऊस सोलून खात. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण श्रेय कोळशाचं नव्हे. त्यांच्या दिवसात गोडाच्या वेळा मोजक्या होत्या. भरड पुडीनं दाताचं कवच झिजतं, आणि मशेरीनं तर कित्येक बायकांना तंबाखूचं व्यसन लावलं. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२मध्ये बंदी आली, पण घरी भाजलेल्या मशेरीला ती कशी अडवणार?

दुसरा आक्षेप पेस्टमधल्या फ्लोराइडवर आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यानं दातांवर डाग पडले, हाडंही जायबंदी झाली. तिथं पाणी बदलणं हाच उपाय. मात्र पाण्यातलं फ्लोराइड वर्षानुवर्षं रोज पोटात जातं. पेस्ट थुंकली जाते आणि तिचं काम दाताच्या पृष्ठभागावरच होतं, निघून गेलेली खनिजं परत बसवायला ती मदत करते. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा २००३मध्ये कॉक्रेन या संशोधनसंस्थेनं घेतला, तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टमुळे मुलांमधली कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडला दशलक्षात १००० भागांची मर्यादा आहे. लहान मुलं पेस्ट गिळतात, म्हणून तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहा वर्षांपर्यंत मटाराएवढीच द्यायची.

उरते झोपण्याआधी दात घासण्यातली खरी अडचण. आठ वाजता कामावरून परतणाऱ्या आईबापानं पेंगुळलेल्या मुलाला पुन्हा मोरीवर न्यायचं कधी? ही तक्रार रास्त आहे, आणि दिवसातून दोनदा ब्रश करा असं नुसतं बजावून ती सुटत नाही. जेवण उरकल्याबरोबर, पेंग यायच्या आत ब्रश केला आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही दिलं नाही, तर ते जमण्यातलं आहे. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. आणि एखाद्या घरात खरोखर एकदाच जमणार असेल, तर ती वेळ रात्रीची असावी. सकाळी नुसती चूळ भरून चहा घेतला, तरी त्यामानानं नुकसान कमी.