मूळ रंग डब्यात मिळत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत सूत रंगवणाऱ्या डाय हाऊसमध्ये ओल्या लडीवरून शेड पास करत नाहीत. ओलं सूत गडद दिसतं; ते वाळवून, मंजूर नमुन्याशेजारी धरून, ठरलेल्या उजेडात पाहावं लागतं. टॉवेल-चादरीसाठी पाळली जाणारी ही शिस्त जुन्या मोटरसायकलच्या टाकीपाशी मात्र सुटते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि पुढे येझदी तयार झाल्या. १९९६ मध्ये तो बंद पडला. म्हणजे त्यातली सर्वांत नवी गाडीही आज पाव शतकापेक्षा जुनी आहे. तरी ‘जावाचा मरून द्या’ एवढ्यावर डबा घरी येतो. मूळ रंग असा विकत मिळत नाही. तो गाडीवरच्या पुराव्यातून ठरवावा लागतो.

पहिला गैरसमज असा, की टाकीवर दिसतो तोच मूळ रंग. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगद्रव्य उडतं आणि अनेक लाल छटा त्यात लवकर फिकटतात. शिवाय मधल्या काळात गाडी एकदा तरी रंगवली गेली असण्याची शक्यता मोठी. म्हणून ऊन न लागलेल्या जागा शोधाव्या: टाकीच्या बाजूंच्या रबराखाली, सीटखाली, टूलबॉक्सच्या आत. रबराचाही डाग रंगावर उतरतो, त्यामुळे एका जागेवर विसंबू नये. कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपर पाण्यासोबत हळूहळू फिरवला, की थर कड्यांसारखे उघडे पडतात: वर नंतरचा रंग, मग त्याचा प्रायमर, खाली कारखान्याचा रंग आणि शेवटी पत्रा. आरसी बुकातली नोंद मदतीला येते, पण तिथला ‘लाल’ हा शब्द छटा सांगत नाही.

दुसरा गैरसमज असा, की रंगाचा कोड किंवा कॉम्प्युटर मूळ रंग सांगतो. जर्मनीत १९२७ मध्ये सुरू झालेली आरएएल ही उद्योगांसाठीची रंगयादी आहे, कुठल्या मोटरसायकलची कृती नव्हे. तिच्यात फार तर जवळचा रंग सापडतो. कॉम्प्युटरवर रंग जुळवताना वापरला जाणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला परावर्तित प्रकाश मोजतो. त्याच्यापुढे फिकटलेला पत्रा धरला, तर तो फिकटलेलाच रंग इमानाने सांगेल. त्यातही दोन वेगवेगळी मिश्रणं ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसून उन्हात वेगळी पडतात. याला मेटामेरिझम म्हणतात. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर गाडीला द्यायचा तोच प्रायमर आणि रंगाचे तेवढेच हात मारावेत, तुकडा पूर्ण वाळू द्यावा आणि मगच सावलीतल्या दिवसाच्या उजेडात व बल्बखाली लपलेल्या मूळ रंगाशेजारी धरावा.

यावर आक्षेप येतो, की कारखान्याचाच रंग प्रत्येक खेपेला थोडा बदलत असेल, तर एवढा खटाटोप कशाला? फरक पडतो हे खरं. सुताचेही दोन लॉट तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून कोणी मरूनच्या ऑर्डरला राणी रंग पाठवत नाही. फरकालाही मर्यादा असते आणि ती आपल्याच गाडीवर सापडते. दुसरा आक्षेप, की नवाकोरा रंग दिला म्हणजे गाडी सुधारली. कारखान्याचा थर एकदा खरवडला की पुन्हा आणता येत नाही; तो पत्र्याला घट्ट धरून असेल, तर स्वच्छ करून राखावा आणि उघड्या पडलेल्या जागाच भराव्यात. सगळी गाडी रंगवावीच लागली, तर नमुन्याचा पत्रा मागे मिश्रणाचं प्रमाण लिहून जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या रंगाऱ्याला अंदाजाने डबा आणावा लागणार नाही.