‘भारतमाता’ वाचलं, आता भरायचं कुणी?

वीकएण्डला सिनेमा म्हटलं की आपण आधी काय बघतो? मॉल कुठला, पार्किंग आहे का आणि पॉपकॉर्नचा कॉम्बो केवढ्याला! थिएटर आपल्याच नाक्यावर असतं, चपला अडकवून तिथे चालत जाता येतं, हे आपण विसरूनच गेलोय. मला तर ही चैनच वाटते. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या रनाळ्याची. लहानपणी आम्हाला पिक्चर बघायचा म्हणजे नंदुरबार गाठावं लागायचं.

म्हणूनच मुंबईत आल्यावर लालबागच्या ‘भारतमाता’ची गोष्ट मला भिडली. गिरणगावातलं हे मराठी सिनेमाचं हक्काचं घर. तिकीट खिशाला परवडणारं, त्यामुळे चाळीतली अख्खी कुटुंबं यायची, पाळी सुटलेले कामगारही यायचे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या थंडावल्या, जमिनी मात्र तापल्या. १९९१च्या नियमावलीने त्या विकायची वाट मोकळी केली आणि चिमण्यांच्या जागी टॉवर आले. ‘भारतमाता’ही गिरणीच्याच जमिनीवर उभं, जमीन सरकारी नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनची. महामंडळाला जागा परत हवी होती. थिएटर जाणार म्हटल्यावर मराठी कलावंत, राजकीय पक्ष आणि परळ-लालबागचे रहिवासी रस्त्यावर उतरले.

यातल्या कुणाच्याही नावावर तिथली एक वीटसुद्धा नव्हती. मग एवढी धडपड कशाला? कारण सोपं आहे. गिरणी गेली, चाळीही जाऊ लागल्या. साध्या पगारात सगळ्यांना सोबत बसता येईल अशी ही शेवटच्या काही जागांपैकी एक होती.

थिएटर टिकलं. कोविडच्या काळात पडदा मिटला, पण नूतनीकरण होऊन २०२३मध्ये ते पुन्हा उघडलं. म्हणजे हॅपी एंडिंग? थांबा बॉस! मोर्चाने इमारत वाचते, मंगळवारच्या खुर्च्या भरत नाहीत. विजेचं बिल, प्रोजेक्टर, पगार हे सगळं तिकीट खिडकीवरच निघतं.

इथे आपला नंबर लागतो. आपल्यातले कितीतरी जण आज कमला मिल, फिनिक्ससारख्या गिरण्यांच्या जमिनीवरच एसीत बसून काम करतात. ज्यांच्या घामावर हा परिसर उभा राहिला, त्यांचं एक थिएटर शेजारीच आहे. तेव्हा पुढचा मराठी पिक्चर लागला की अ‍ॅपवर मॉल शोधण्याआधी इथलं तिकीट बघा. पत्ता विचारायची गरज नाही. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘भारतमाता’ म्हणा. नाकाच त्या नावाने ओळखला जातो.