लाउगावेगुरच्या वाटेवर कॅमेरा

आइसलँडमधली लाउगावेगुर ही सुमारे 55 किलोमीटरची पायवाट लान्डमान्नालाउगारच्या रंगीत रायोलाइट डोंगरांतून थोर्समोर्कच्या खोऱ्यात उतरते. ती साधारण जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच चालण्याजोगी असते. तरी उंचावर ऐन जुलैतही बर्फ आणि धुके गाठतात.

थंडीत लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि ती अकाली संपल्यासारखी दिसते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी. गारठलेली बॅटरीही ऊब मिळाल्यावर बरीचशी सावरते.

मुक्कामाच्या उबदार खोलीत वेगळाच धोका असतो. तिथली दमट हवा गार लेन्सला लागली की काचेवर पाणी धरते. म्हणून आत शिरण्यापूर्वीच कॅमेरा हवाबंद पिशवीत घालावा आणि तो खोलीइतका उबदार झाल्यावरच बाहेर काढावा.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो, त्यामुळे बर्फ मळकट येतो. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवले की तो पांढरा दिसतो. काळ्या ज्वालामुखी वाळूच्या पठारावर याउलट थोडे कमी करावे. तिथे वाऱ्याबरोबर वाळू उडते, तेव्हा उघड्यावर लेन्स बदलू नये. ट्रायपॉडही पाय फाकवून बुटका ठेवावा.

जूनअखेरीस सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि तिरपा प्रकाश तासन्‌तास टिकतो. त्यामुळे दिवसा अंतर कापून, जेवण उरकून निवांत फोटो काढता येतात. मात्र चांगल्या कोनासाठी वाट सोडून शेवाळावर पाय देऊ नये. तुडवलेले शेवाळ पुन्हा वाढायला कित्येक वर्षे लागतात.