एकाने 'नाही' म्हटलं तर?

तुमच्या वर्गाची सहल कुठे न्यायची हे कसं ठरतं? आमच्या वर्गात, इथे तुळजापूरला, मागच्या वर्षी हात वर करून ठरलं. परांड्याच्या किल्ल्याला २१ हात, नळदुर्गला १७. झालं, परांडा! दोन मिनिटांत काम फत्ते.

सहलीच्या दिवशी एक मुलगी आलीच नाही. परांडा लांब, म्हणून गाडीभाडं जास्त. तेवढे पैसे घरी मागायचे तिच्या जिवावर आलं होतं. नळदुर्ग तर आमच्याच तालुक्यात! तिने नळदुर्गसाठी हात वर केला होता, मी तो मोजलाही होता. पण 'का गं?' असं काही विचारलं नव्हतं.

तेव्हापासून मला एका गावाची सारखी आठवण येते. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात मेंढा नावाचं छोटंसं गाव आहे. शेजारच्या लेखा गावाचं नाव जोडून त्याला 'मेंढा-लेखा' म्हणतात. वस्ती गोंड आदिवासींची, पाचशेच्या आसपास माणसं, आणि भोवती बांबूचं जंगल. या गावाच्या ग्रामसभेत मतं मोजतच नाहीत! बायका-पुरुष सगळे बसतात, बोलतात आणि सगळ्यांना पटलं तरच निर्णय होतो. एकाने जरी 'मला पटत नाही' म्हटलं, तरी गाडी तिथेच थांबते.

तुम्ही म्हणाल, "मग एखादा हट्टी माणूस अख्ख्या गावाला वेठीला धरेल की!" मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण 'नाही' म्हणणाऱ्याला कारण सांगावं लागतं, आणि बाकीच्यांना ते ऐकावं लागतं. कारण खरं असेल तर बेत बदलायचा. नसेल तर समजूत काढायची, आणि नाहीच जमलं तर विषय पुढच्या बैठकीत घ्यायचा.

आणखी एक गंमत. ग्रामसभेशिवाय इथे अभ्यासगट बसतो. तिथे काहीच ठरवायचं नसतं, फक्त समजून घ्यायचं. कायदा काय सांगतो, जंगलावर हक्क कुणाचा, असे प्रश्न. बाहेरचे जाणकारही येऊन बसतात. निर्णय मात्र गावकऱ्यांचाच! गावातले देवाजी तोफा आणि गावाचे सोबती मोहन हिराबाई हिरालाल (आई आणि वडील दोघांचं नाव लावणारे, बरं का!) यांनी ही रीत रुजवायला खूप कष्ट घेतले.

तुम्हाला वाटेल, एवढं बोलत बसून मिळालं काय? २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले. बांबू बाहेर नेण्याचे परवाने तेव्हापासून ग्रामसभाच देऊ लागली. आणि २०१३ मध्ये तर गावाने ग्रामदान करायचं ठरवलं. म्हणजे शेत ज्याचं तोच कसणार, पण मालकी सगळ्या गावाची! बघा हं, आपल्या शेताची मालकी सोडायची ही गोष्ट २१ विरुद्ध १७ हातांनी ठरवता आली असती का? उरलेल्या १७ जणांनी काय केलं असतं?

वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीच्या काठी, विनोबा भाव्यांनी १९५९ मध्ये बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथे एकत्र राहणाऱ्या बहिणी स्वयंपाक, झाडलोट, शेतीची कामं स्वतःच करतात. तिथेही निर्णय सर्वसंमतीनेच होतात. एकाच चुलीवर जेवायचं, तर रोज रुसलेलं माणूस पंगतीला कसं चालेल?

आता एक खरं सांगते. ही रीत सोपी नाही. वेळ खूप खाते. घराला आग लागली तर सर्वसंमतीची वाट बघत बसायचं नसतं, बादली उचलायची! शिवाय माणसं लाजेखातरही 'हो' म्हणतात. घरी सगळे 'हो' म्हणतात म्हणून तुम्ही कितीदा मान डोलावली आहे, आठवून बघा. आईबाबांनीही आठवायला हरकत नाही! इस्रायलमध्ये किबुत्झ नावाच्या वस्त्या आहेत. त्यातली पहिली देगानिया, १९१० ची. तिथे सगळ्या सभासदांची सभा भरते आणि बहुमताने ठरतं. तेही चालतंच की. मतदान वाईट, असं मी म्हणत नाही. पण हात मोजण्याआधी 'का' हे विचारून झालेलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

यंदा वर्गात सहलीचा विषय निघाला तेव्हा मी हात वर करायला सांगितलेच नाहीत. "कुणाला कुठे जायचं नाही, आणि का?" असं विचारलं. आधी सगळे गप्प. मग एकाने गाडी लागते म्हणून सांगितलं. दुसरीला संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळायला घरी पोचायचं होतं. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाई, पैसे किती पडतील ते आधी सांगा ना!"

गणिताचा अख्खा तास गेला. भाड्याचा हिशेब फळ्यावर मांडला, तेवढंच काय ते गणित झालं. सहल कुठे जाणार ते अजून ठरलेलं नाही. उद्या पुन्हा बसणार आहोत.